अग्नी देणाऱ्याच्या हाती

सावळवाडी, पोस्ट रिठद
ता. २० ऑगस्ट १९४२

प्रिय दादा,

पंचफुलेचा इथूनच वाकून नमस्कार. तुझे आषाढातले कार्ड पोचले. तू खुशाल आहेस हे मी वाचून दाखवले तेव्हा आईने ते कार्ड हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि कपाळाला लावले. इकडे आम्ही बरे आहोत.

मी पंचमीला माहेरी आले ती अजून इथेच आहे. तुझे मेहुणे आसेगावहून मला न्यायला आले होते. आईने त्यांना पोटभर जेवू घातले, बैलांना वैरण टाकली आणि पोळ्यापर्यंत पोरीला राहू द्या म्हणून रिकामी दमणी गाडी परत लावून दिली. का, ते तिने मला सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. जाताना मात्र दोनदा मागे वळून पाहिले.

पाऊस बरा आहे. ज्वारी कमरेला लागली. पऱ्हाटीत निंदण चालू आहे, पण बाया कामाला बोलावल्या तर येत नाहीत. येतात त्या गप्प राहून निंदतात. एरवी गाणी म्हणतात ना, ती यंदा ऐकू येत नाहीत.

जगदेव घरी नाही. तो मामाकडे कामाला गेला आहे. घाईत गेला, म्हणून तुला लिहायचे राहिले.

गावात हल्ली अनोळखी माणसे येतात. कोणी म्हणतो बैल पाहायला आलो, कोणी म्हणतो सोयरीक पाहायला. बैल कोणी घेत नाही आणि सोयरीकही कोणाची जुळत नाही. पारावर बसतात, पानतंबाखू खातात, कोणाच्या घरात किती पोरे ते विचारतात आणि जातात. रिसोडच्या वाटेवर तारेचे खांब पडले त्याची दुरुस्ती चालली आहे. वारा फार होता.

बा लढाईवरून आले तेव्हा सरकारने दिलेला चांदीचा बिल्ला आई फक्त दसऱ्याला देव्हाऱ्यातून काढायची, तुला ठाऊकच आहे. आता ती तो रोज काढते. राखेने घासते, पदराने पुसते. बादशहाच्या नाकाचा शेंडा झिजायला आला. मी म्हटले, "माय, दसरा दूर हाय अजून." तर म्हणाली, "चमकू दे त्याले. दुरून दिसला पायजे."



काल तिने विचारले, "फौजेत पत्र मधात कोणी उघडते का वं?" मी म्हटले, उघडतात असे मास्तर सांगायचे. तेव्हापासून ती माझ्या शेजारी बसून मी काय लिहिते ते पाहते आहे. तिला अक्षर येत नाही, तरी पाहते आहे. आता पुरे म्हणते.

जिवाला जप. आईचा तुझ्या डोक्यावर हात.

तुझी धाकटी,
पंचफुला

———

सावळवाडी
ता. ६ ऑक्टोबर १९४२

राजमान्य राजश्री शालिग्राम उकंडराव यांस,

पंचफुलाबाई हिचा नमस्कार.

आम्ही सर्व खुशाल आहोत. आई वाशीमला असते. पोळ्याच्या आधीपासून तिच्या राहण्याची सोय सरकारने केली आहे. बांचा बिल्लाही तिथेच ठेवून घेतला आहे. नीट ठेवला आहे असे कळते.

बांची तिथी झाली. पान वाढले, पण पुढे बसायला घरचा पुरुष नव्हता. कावळा फार वेळ आला नाही. प्रयागकाकू शेजारून येऊन म्हणाल्या, काहीतरी राहिलं असेल, हात जोडून बोल. मी हात जोडले, पण बोलायला काही सुचले नाही. शेवटी ऊन पानावर आले तेव्हा एक कावळा उतरला आणि भात न खाता वडाच उचलून गेला.

हे पत्र लिहिताना समोर एक गृहस्थ बसले आहेत. ते रोज येतात. आपल्या ओसरीवर बसतात, पाणी मागतात, पाणी प्यायल्यावर भांडे पालथे घालतात. बोलायला फार मऊ आहेत. त्यांनी तुला नमस्कार सांगितला आहे. त्यांचे म्हणणे, भावाला लिही की आई आजारी आहे, तुझी आठवण काढते, रजा मागून ये. तसे लिहिते. आई आजारी आहे, तुझी आठवण काढते, रजा मागून ये. ते म्हणतात 'लवकर' हा शब्द राहिला. लवकर ये.

जगदेवचा ठावठिकाणा आम्हाला माहीत नाही. हे वाक्य त्यांना आवडले नाही, पण खोडू नको म्हणाले.

माझे अक्षर छान आहे असेही म्हणाले. पत्र टपालात मी टाकायची गरज नाही, ते स्वतः टाकतील.

तोंडावर नवरात्र आहे. घट बसवायचा की नाही ते ठरलेले नाही.

कळावे.
पंचफुलाबाई

———

सावळवाडी
ता. १९ डिसेंबर १९४२

दादा,

हे पत्र डाकेनं नाही. तांड्यावरचा हरिसिंग, तुह्याच पलटणीतला, बापाच्या मातीले सुट्टीवर आला होता. उद्या तो परत निघते. त्याच्या कोटाच्या अस्तरात पत्र ठेवून म्या स्वतः टाके घालणार हाय. वाचून झालं की आगीत टाकजो.

आज शाळेतली भाषा लिहीत नाही. जशी बोलते तशीच लिहिते. मांगची दोन्ही पत्रं दुसऱ्याच्या डोळ्यासाठी होती; ओसरीवर बसणारा तो गृहस्थ पोलिसायचाच माणूस. दुसऱ्यात तुले पूर्ण नावानं हाक मारली, तवाच तुह्या मनात पाल चुकचुकली असन. जन्मात कधी म्या तुले तसं लिहिलं नाही.

मायचं विचारशीन. सांगते. पण मले पयलेपासून सांगू दे, नाही त हात चालणार नाही.

वारा नव्हता, दादा. तार जगदेवनं कापली. तो अन् रामकिसन, दोघंच. बाची फौजेतली पक्कड घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट्टा चिखलानं भरून घरी आला अन् सरळ चुलीपाशी जाऊन उभा राह्यला. माय भाकरी थापत होती. म्हणे, "माय, तार म्या तोडली." मायनं भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, मंग विचारलं, "कोणी मेलं त नाही?"

"नाही."

"मंग बस. जेव."

तो जेवला. मायनं त्याले धोतराचं धुवट पान देल्लं, शिदोरी बांधली अन् मांगच्या दारानं तुरीतून काढून देल्लं. मामाकडं तो गेलाच नाही. कुठं गेला ते मायनं विचारलं नाही. म्हणे, मले माहीतच नसलं त माह्या तोंडातून निघन कसं? मले बी तिनं त्याच्यासाठीच थांबवून घेतलं होतं. घरात दुसरं कोणी पायजे, म्हणे. पुढं काय येणार ते तिले तवाच दिसत होतं. म्हणून बिल्ला घासत होती.

पोळ्याच्या आधी फौजदार आला. संग बंदुकवाले शिपाई अन् एक गोरा साहेब. उतारवयाचा, एक पाय ओढत चालणारा. गावातल्या सगळ्या माणसायले हाकलून मारोतीच्या पारासमोर उन्हात बसवलं. बायांनी दारं लावून घ्यावी असा हुकूम झाला. फौजदारानं सांगतलं, तार कोणं तोडली त्याचं नाव द्या, नाही त एकेकाची पाठ सोलतो. कोणी बोललं नाही. तवा त्यानं लखमा कोतवालाले ओढलं. वाटेवर नजर ठेवाचं काम लखमाचं, म्हणून पयला तो.

लखमाले सगळं माहीत होतं. त्यानं जगदेवले खांबाखाली पाह्यलं होतं.

आपल्या ओसरीत कोरड्याच्या फटक्यायचा आवाज येत होता. लखमाचा आवाज येत नव्हता. मायनं काही वेळ ऐकलं. मंग उठली, देव्हाऱ्यातून बिल्ला काढला अन् लुगड्यावर छातीपाशी लावू लागली. पिन जुनी, वाकलेली, काही लागेना. मले म्हणे, "तू लाव वं." म्या लावला. मंग तिनं फडताळातून बाची पक्कड काढली. जगदेव ती घरी टाकून गेला होता. म्या विचारलं, "माय, पक्कड कायले?" ती दार उघडून चालू लागली.

म्या मांगं मांगं गेली. पारापाशी शिपायानं बंदूक आडवी धरली. मायनं छाती समोर केली. "हे पाह्य. हे तुह्या सरकारनं देल्लं हाय. लाव हात मले." शिपाई पोरगाच होता. त्यानं फौजदाराकडं पाह्यलं, तोवर माय पुढं निघून गेली होती. सगळे बसले होते अन् ती एकटी त्यायच्या मधातून चालत होती. जाऊन ती लखमाच्या अन् कोरड्याच्या मधात उभी राह्यली. मारणाऱ्याचा हात वर गेलाच होता. तो खाली आला अन् मायच्या खांद्यावर बसला.

ती ओरडली नाही, दादा. फक्त तोंड थोडं उघडलं, जसं थंडं पाणी अंगावर पडलं का उघडते.

गोरा साहेब खुर्चीतून उठला. लंगडत आला, वाकून बिल्ला पाह्यला अन् फौजदारामार्फत विचारलं, हा कोणाचा. मायनं सांगतलं, "माह्या मालकाचा. तिकडं नदीच्या काठी गोळ्या चालू होत्या, तवा यानं एका जखमी साहेबाले पाठीवर घेऊन आणलं. तो साहेब जगला का मेला, आमाले माहीत नाही. कोणं कळवलं नाही." फौजदारानं तिकडच्या भाषेत सांगतलं. साहेबानं टोपीले हात लावला. खरंच लावला. लोकायले वाटलं, सुटलो.

साहेब म्हणे, बाईले घरी पोचवा. अन् मंग फौजदाराले म्हणे, पुढचा माणूस घ्या.

त्यायनं प्रयागकाकूच्या मालकाले उठवलं, त्या दमेकऱ्या म्हाताऱ्याले. तवा मायनं पक्कड भुईवर टाकली.

"तार म्या कापली. सोडा यायले."

फौजदार हसला. "बुढे, खांबावर तू चढली?"

"कायले चढू? खांब पडेलच होता. तार मातीत लोळत होती. मले वाळवणाले दोरी पायजे होती, म्या कापली. ही पक्कड माही. पाह्या, तुमच्याच सरकारचा ठप्पा हाय तिच्यावर."

साहेबाले कळत होतं का ही खोटं बोलते. फौजदाराले कळत होतं. पण तिनं साऱ्या गावासमोर कबूल केल्लं, हत्यार समोर टाकल्लं, अन् छातीवर त्यायच्याच बादशहाचा मुखडा. आता दुसऱ्याले मारलं त कशासाठी मारलं, हे सांगता आलं नसतं. साहेबानं वाकून पक्कड उचलली, ठप्पा पाह्यला. मंग हातानंच थांबा म्हणून खूण केली. माणसं उठली. लखमाले उचलून नेलं. अन् मायले गाडीत बसवलं.

बिल्ला काढून द्या म्हणून फौजदारानं हात पुढं केला, त मायनं मांगं सरून मले बोलावलं. "हिनं लावला, हेच काढन." म्या काढून देल्ला. लुगड्याले रक्त लागलं होतं, खांद्याचं.

मले तिले दोनदा भेटू देल्लं. पयल्यांदा ती बरी होती. तुरुंगातल्या बायायच्या वेण्या घालत होती. जखम विचारली त म्हणे, आपल्या बैलाच्या खांद्याले असते तशी हाय, जू काढलं का बरी होईन. फौजदार रोज येते म्हणे. रोज तो बिल्ला टेबलावर ठेवते अन् रोज एकच बोलते, लहान्याचा पत्ता दे, हा घे अन् मानानं घरी जाय. मी विचारलं, तू काय म्हणते? म्हणे, "मी त्याले सांगतलं, साहेब, माणूस पाठीवर उचलून आणला म्हणून हे भेटलं. माणूस धरून देल्ला म्हणून नाही भेटलं. तुमच्याच घरचा कायदा हाय, तुमीच वाचून पाह्या."

दुसऱ्यांदा गेली तवा तिले उठवत नव्हतं. खांदा नासला होता. वास येत होता. ताप होता, पण बोलणं सगळं शुद्धीतलं. जवळ बोलावून म्हणे, "पंचफुले, मी आता निघाली. ध्यान देऊन ऐक. माह्या मातीले दोघातला एकबी पोरगा येऊ नये. जगदेवले कसंही करून सांग. शालिग्रामले लिही. हे लोक माह्या मड्याभोवती बसतीन. मी जितीजागती बोलली नाही, त मेल्यावर माह्या हातून पोरगा पकडतीन."

म्या म्हटलं, "माय, मंग अग्नी कोण देईन?"

तिनं माह्याकडं पाह्यलं. रागानंच पाह्यलं.

"तुले हात नाहीत का?"

दादा, माय गेली. मार्गशीर्ष लागला त्याच आठवड्यात. आता लिहिलं.

तिनं म्हणलं तसंच झालं. मड्डं गावात न्या असा हुकूम त्यायनं स्वतःहून काढला. कैद्याले असं कोणी देत नाही. फौजदार स्वतः गाडीसंग आला, टोपी काढून चालत आला. लोकायले वाटलं, बाईचा मान ठेवला. वाटेतच लखमा मले हळूच म्हणे, "बाई, नाल्याकाठची तुरी पाह्य." म्या पाह्यलं. मसनवटीच्या तिन्ही अंगानं आपली तूर उभी, डोक्यावर गेलेली. वारा बिलकुल नव्हता अन् तूर हालत होती. पाखरं एका जागी बसत नव्हती. घडीत इकडून उठत, घडीत तिकडून.

सरण रचलं. मायले ठेवलं. अन् सगळे उभे राह्यले. कोणीच काही करेना. म्हातारे एकमेकाकडं पाहत होते. भटजी नाल्यात पाय धूत बसला, उठेचना. फौजदारानं खिशातून बिल्ला काढला अन् सगळ्यायले दिसन असा धरला. मोठ्यानं बोलला, नाल्याच्या पल्याड बी ऐकू जाईन इतक्या मोठ्यानं. "या बाईच्या घरचा मान सरकार परत करून राह्यलं. वरचा हुकूम हाय. अग्नी देणाऱ्याच्या हाती हा बिल्ला देऊ. पोरगा असन तर येऊ द्या. आईच्या सरणापाशी कोणी कोणाले धरत नाही."

उन्हं कलली तरी तो तसाच उभा. तो तुरीकडं पाहत होता अन् सारं गाव त्याच्याकडं.

मले रामकिसननं नंतर सांगतलं. जगदेव टेकडीवरच्या बोरीमांगं होता. म्या निरोप पाठवला होता, तरी तो आला होता. त्याले सरण दिसत होतं, शिपाई बी दिसत होते. तरी उठला. रामकिसन त्याच्या छातीवर बसला, तोंडात धोतराचा बोळा कोंबला. जगदेवनं त्याचा हात चावून फाडला. रामकिसनच्या हाताले अजून पट्टी हाय.

म्या मडकं उचललं.

एक म्हातारा म्हणे, "पोरी, बाईनं अग्नी द्याव नाही. मायच्या जिवाले गती भेटत नाही." दुसरा म्हणे, थांबू अजून. म्या थांबली. तवा मांगून, लांबून, लखमा बोलला. त्याच्या जातीले सरणाजवळ येऊ देत नाहीत, तिथूनच बोलला. "कोरडा पडला तवा कोणता पोरगा उभा होता? बाईच उभी होती ना? द्या तिच्या पोरीच्या हाती."

माहे मालक गर्दीतून पुढं आले. आसेगावहून एकटेच आले होते, त्यायच्या घरचं कोणी आलं नव्हतं. त्यायनं गोवरीचा विस्तव फुंकून मले देल्ला.

म्या फेरे घेतले. मडकं फोडलं. अग्नी देल्ला. लाकूड ओलं होतं, धूर लय झाला, मायचं तोंड दिसेनासं झालं तवाच जाळ धरला.

मंग मी तशीच फौजदारासमोर गेली अन् हात पुढं केला.

तो म्हणे, "हे पोराले द्याचं हाय."

म्या म्हटलं, "तुमी पोराचं नाव घेतलं नाही. अग्नी देणाऱ्याच्या हाती म्हणले. साऱ्या गावानं ऐकलं. नाल्यापल्याड बी ऐकलं."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला नाही, दादा. तसाच मऊ राह्यला. त्यानं बिल्ला माह्या हातावर ठेवला. त्याच्या मुठीनं तो गरम झाला होता. अन् मले एकटीलेच ऐकू येईन असं म्हणे, "हुशार हायस. पण तुले अजून एक भाऊ हाय ना? त्याच्या साहेबाले तार गेली. भाऊ आला म्हणल्यावर भाऊ भेटाले येतेच. आमाले घाई नाही."

म्हणून हे पत्र.

बिल्ला माह्यापाशी हाय. देव्हाऱ्यात ठेवला नाही. कुठं ठेवला ते लिहीत नाही. जगदेव म्हणते, नाल्यात फेक. म्या फेकणार नाही. त्याच्यावर मुखडा कोणाचा बी असो, तो बानं आणला अन् मायनं लावला. आपल्या घरात तो आता दोघायचा हाय.

आसेगावले सासूबाई म्हणतात, मड्ड्याले अग्नी देल्लेली बाई घरात नको, अन् मांगं पोलीस घेऊन येणारी त नकोच. तुह्या मेहुण्यानं त्यायले काय सांगतलं, मले माहीत नाही. मले इतकंच म्हणे, "तुले आवरलं का गाडी जुंपतो. माही भाकर तूच कर." मी अजून आवरलं नाही. मी गेली त जगदेवले निरोप द्याले इथं कोणी राहत नाही.

आता नीट वाच. हरिसिंग सांगते, तुमची पलटण हालणार हाय. ब्रह्मदेशाच्या अंगानं, जंगलात. तो सुट्टीवर निघाल्यावर सगळ्यायच्या रजा बंद केल्या, असं त्याले कंपनीतल्या सोबत्यानं कळवलं. तो म्हणे, साऱ्या कंपनीत एकट्या शालिग्रामचा कागद मंजूर होऊन पडला हाय, नशीबवान हाय. तो बिचारा आनंदानं सांगत होता. म्या तवाच कागद-दौत काढली.

तो कागद मायच्या मरणाचा हाय, दादा. साहेब तुले बोलावन. गोड बोलन. सांगन, तुही आई वारली, घरी जाय, भावाबहिणीले भेट. तो खोटं बोलत नसन. त्याले बी माहीत नसन. तू वाशीमच्या ठेसनावर उतरशीन, अन् तुह्या मांगं जे उतरतीन ते तुले दिसणार बी नाहीत. तू दार लावून घरात बसशीन, जगदेवले निरोप पाठवणार नाहीस, मले माहीत हाय. पण तो येईन. रोज विचारते, दादाले कळवलं का, दादा केव्हा येते. मायच्या सरणापासून त्याले एकानं धरून ठेवलं. तुह्यापासून कोण धरून ठेवन? रामकिसनच्या हाताचं हाड दिसते.

तू येऊ नको.

हे लिहून म्या पत्र बाजूले ठेवलं होतं. चुलीत लाकूड सारून आली अन् परत बसली. इकडं ये म्हणलं त जगदेव जाते. येऊ नको म्हणलं त तू त्या जंगलात जाते, अन् तिथून हरिसिंगच्या गावचे गेले ते अजून आले नाहीत. मायनं एकबी पोरगा येऊ नये म्हणलं, तवा तिले हे ठाऊक होतं का? मी लय वेळ ह्याचाच विचार करून राह्यली. तिले ठाऊक नसन. कोणं सांगतलं असतं तिले? मले ठाऊक हाय. तरी मी लिहून राह्यली.

साहेबानं कागद पुढं केला, त सांगजो, माय गेली, बाप गेला, बहीण आपल्या घरी नांदते, लहान्याचा पत्ता नाही. घरी भेटाले कोणी उरलं नाही. मले रजा नको.

बोलताना रडू आलं त रडजो. ते खोटं होणार नाही.

मायचं सुतक तिथंच धर. सांगाले कोणी नसलं तरी धर. केस द्याले भेटले त दे. अन् त्या जंगलात कोणी पडेल दिसला, त उचलाच्या आधी एकदा, फक्त एकदा, माहं तोंड आठवजो.

येऊ नको, दादा. मी जिती हाय तोवर मी बोलावन तवाच ये, अन् मी बोलावलं त अक्षर पाह्य, मायना पाह्य, मंगच ये.

मायले अग्नी देल्लेली, अन् तुले ह्या हातानं दूर लोटणारी,
तुही पंचफुला